सुया टोचून युरिक अ‍ॅसिड उतरते?

महोदय,

गेल्या रविवारी अंक उघडताच आतून एक गुलाबी पत्रक पडले : 'युरिक अ‍ॅसिड? गोळ्या बंद! दहा सिटिंगमध्ये अ‍ॅक्युपंक्चरने कायमचा आराम.' मला हसू आले नाही. गेल्या वर्षी अशाच एका ठिकाणी मी सुया टोचून घेतल्या होत्या. पायाचा अंगठा लालबुंद, चादर लागली तरी जीव जाई. चार-पाच दिवसांत ठणका थांबला, हे कबूल. पण गाउटचा (युरिक अ‍ॅसिड वाढून होणाऱ्या सांधेदुखीचा) झटका असाही आठवडा-पंधरवड्यात आपोआप ओसरतो, हे नंतर कळले. तिथले उपचारक 'युरिक अ‍ॅसिडची गोळी सोडा' म्हणाले, सोडली. तीन महिन्यांनी मिरजेत रक्त तपासले तर युरिक अ‍ॅसिडचा आकडा ९.१!

युरिक अ‍ॅसिड मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. रक्तात डेसिलिटरमागे साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेले की त्याचे स्फटिक सांध्यात साठू लागतात. म्हणून गाउटच्या रुग्णाने ते ६ च्या खाली ठेवायचे. दुखण्यावर सुईने थोडा उतार पडत असेलही, पण आकडा खाली आणण्याचा भरवशाचा उपाय म्हणजे अ‍ॅलोप्युरिनॉल, फेबुक्सोस्टॅट यांसारखी औषधे, तीही डॉक्टरांना विचारूनच. (रविवारचे मटण मीही कमी केले, तांबड्या रश्श्यात जीव अडकतो ते वेगळे.)

राज्यात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५चा कायदा आहे, उपचारकांची नोंदणी करणारी परिषद आहे. मग पत्रकावर उपचारकाचा नोंदणी क्रमांक का नसतो? तो नसेल तर निदान असली पत्रके अंकात घालू नयेत, एवढे आपण विक्रेत्यांना सांगावे.

- एक वाचक, विश्रामबाग, सांगली