वृद्धाश्रमातील सेवकांच्या अँटिबायोटिक प्रशिक्षणासाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

मंडळाचे सेवक-प्रशिक्षण कोणाच्या जिवावर उभे राहिले हे आपण जाणताच. मोठ्या सिस्टरांनी निवृत्तीनंतरचे रविवार या कामाला दिले. लॅबवाल्या दादांनी निर्जंतुक डब्या मोफत पुरवल्या. मेडिकलवाल्या काकांनी थर्मामीटर दिले, शिवाय लाल पट्टीची औषधे (अँटिबायोटिक म्हणजे जंतू मारणारी औषधे त्यांतच येतात) डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न देण्याचा नियम गिऱ्हाईक तुटले तरी मोडला नाही. मंडईतल्या मंडळींनी चहा-नाश्त्याचा खर्च न सांगता उचलला. या सगळ्यांचा मंडळाला अभिमान आहे.

गेल्या वेळचे आवाहन मात्र बऱ्याच जणांनी ‘हे तर डॉक्टरांचं काम’ म्हणून बाजूला ठेवले. वाईट वाटले. औषध डॉक्टरच लिहितात, पण फोनवर जे ऐकतात त्यावरून लिहितात, आणि फोन करते रात्रपाळीची मावशी, म्हणजे आश्रमातली सेविका. लघवी गढूळ आहे, वास येतोय, एवढ्यावर अँटिबायोटिक गोळी सुरू होते. वास्तविक आश्रमात राहणाऱ्या वृद्ध स्त्रियांपैकी पाव ते निम्म्या जणींच्या लघवीत काहीही त्रास नसताना जंतू सापडतात. लघवीसाठी कायमची नळी (कॅथेटर) असेल तर जवळजवळ सर्वांच्याच. त्यावर औषध देऊन फायदा नाही. उलट जुलाब लागतात, सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या गोळीने भ्रम होऊ शकतो, आणि जंतू औषधाला सरावल्याने खरा संसर्ग होतो तेव्हा औषध लागू पडत नाही.

म्हणून फोनआधी काय पाहायचे तेच शिकवायचे आहे: लघवीला नव्याने जळजळ, सारखी घाई, ओटीपोटात दुखणे, लघवीतून रक्त, हुडहुडी, ताप. ताप म्हणजे नेहमीच्या तापमानापेक्षा दीड अंश सेल्सिअस जास्त; त्यासाठी बरे असतानाचे तापमान वहीत हवे. पॅरासिटामॉल मोजल्यानंतरच द्यावे, आधी दिले की ताप झाकला जातो. लघवीचा नमुना नळीच्या पिशवीतून कधीही घेऊ नये, तिथे जंतू साचून वाढलेले असतात. नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल तर बदलून नव्या नळीतून घ्यावा. डबी दोन तासांत लॅबमध्ये, नाहीतर फ्रिजमध्ये. सकाळची डबी दुपारपर्यंत टेबलावर राहिली की रिपोर्टमध्ये दिसतात ते डबीत वाढलेले जंतू. आणि औषध सुरू झाल्यावर ४८ ते ७२ तासांनी, कल्चरचा (नमुन्यातले जंतू वाढवून केलेल्या तपासणीचा) रिपोर्ट हातात घेऊन, डॉक्टरांना पुन्हा विचारायचे: चालू ठेवू, बदलू की थांबवू? नेमका हाच फोन राहतो, कारण एका पाळीचा निरोप दुसऱ्या पाळीला पोचत नाही. (धाप लागली, शुद्ध हरपू लागली तर ही लक्षणे तपासत बसू नये, थेट दवाखाना गाठावा.)

मावश्या बदलत राहतात. नवी आली की पुन्हा पहिल्यापासून शिकवावे लागते, त्यामुळे हे काम एकदाच करून संपत नाही.

औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंविषयीच्या, १८ ते २४ नोव्हेंबरच्या जागतिक जागृती सप्ताहाआधी सर्व आश्रमांत एक फेरी पूर्ण करायची आहे. हवे आहे: डिजिटल थर्मामीटर, फोनशेजारी टांगायचे लॅमिनेट केलेले एकपानी तक्ते, तापमानाच्या वह्या, नमुन्यांसाठी एक छोटा फ्रिज (जुना, चालू स्थितीतला चालेल), नमुना लॅबला नेणारे दुचाकीस्वार, रविवारी दोन तास शिकवू शकणारे नर्स व फार्मासिस्ट. रोख किंवा धनादेश मंडळाच्या नावे, संध्याकाळी कार्यालयात. खाते क्रमांक फलकावर आहे, पावती मागून घ्यावी. वस्तू आणण्याआधी विचारावे, दुबार होतात.

आपला,
चिटणीस