तापासोबत मान आखडली तर?

भाचा शिकायला अमेरिकेला निघालाय. विद्यापीठाच्या यादीत मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या आजाराची लस दिसली आणि घरात प्रश्न आला, 'हे आणि काय नवीन?' तिकडचे बालरोगतज्ज्ञ ती अकराव्या-बाराव्या वर्षी द्यायला सांगतात, सोळाव्या वर्षी पुन्हा. आपल्या सरकारी लसीकरणात ती नाही. पण वसतिगृहं इथेही आहेत, एका खोलीत चौघे, आणि या आजाराचा जंतू लाळेच्या थेंबांतून पसरतो. सणकून ताप, उलट्या, उजेड नकोसा होणं, हनुवटी छातीला न टेकणं, हातपाय गार पडणं दिसलं तर 'व्हायरल असेल' म्हणत तापाची गोळी देऊन झोपवू नका. पुरळावर काचेचा पेला दाबून डाग फिका होत नसेल, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा. सावळ्या अंगावर डाग पटकन दिसत नसतील तर तळहात-तळपाय बघा. पुरळ येईपर्यंत थांबायचं मात्र नाही.

– एक मावशी, पुणे