एकतीस तारखेचं दूध

कऱ्हाड,
१८ ऑगस्ट

प्रिय सुऱ्या,

तुझे तीन मेसेज आले आणि तिन्हींना मी नुसता अंगठा दाखवून मोकळा झालो. राग मानू नकोस. फोनवर सांगायला बसलो असतो तर तू मध्येच "मी म्हटलं नव्हतं?" केलं असतंस, म्हणून लिहितोय. पत्रात मध्ये बोलता येत नाही.

नऊ वर्षं घरच्या माडीवर एकटा बसून कोड लिहिला. चूक माझी, दुरुस्ती माझी, शिव्या खाणाराही मीच. जूनपासून नोकरी धरली ती तुला ठाऊक आहे. काम दूध संस्थांची बिलं काढणाऱ्या सॉफ्टवेअरचं. २०११ साली एकानं ते सुरू केलं आणि तो दुबईला गेला. दुसऱ्यानं वाढवलं. तिसऱ्यानं त्यात काय केलं ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. आता वारस मी. सातबाऱ्यावर नाव लागलं, पण जमिनीत काय पुरलंय ते कुणी सांगितलं नाही.

सगळं पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ५.६ आवृत्तीवर चालतं, जिचे सुरक्षेचे अपडेट डिसेंबर २०१८ लाच बंद झाले. वरच्या आवृत्तीवर न्यावं, तर डेटाबेसशी बोलणारी जुनी फंक्शनं पीएचपी ७ नं काढूनच टाकलीत, आणि आमच्या कोडात ती पाना-पानावर. फोल्डर चार: 'बिल', 'बिल_नवीन', 'बिल_फायनल', 'बिल_फायनल_खरं'. यातलं चालू कुठलं? 'बिल_नवीन'. कोडातला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या गिटचा पत्ता नाही, फाईल एफटीपीनं थेट सर्व्हरवर चढवायची. आणि डेटाबेसला विचारायच्या प्रत्येक प्रश्नाच्या, म्हणजे क्वेरीच्या, आधी ते 'ॲट'चं चिन्ह, म्हणजे काही बिनसलं तरी ब्र काढायचा नाही.

एक गंमत तुझ्या नावाची. एका गावातले दूध उत्पादक शोधले की निम्मेच यायचे. यादी डोळ्यांनी बघितली तर गावाचं नाव सगळीकडे एकसारखं, 'कऱ्हाड'. दोन दिवस डोकं फोडलं. मग कळलं की आपला हा डोक्यावरचा 'ऱ्' युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरसंकेतात, दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, नुक्ता असलेला वेगळा 'र' आणि हलन्त. दुसरी, साधा 'र', हलन्त आणि मागे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सख्खे जुळे, कॉम्प्युटरला मात्र परके. कीबोर्ड बदलला की गाव बदललं! तुझं नाव मी त्या डेटाबेसमध्ये घातलं तर तू सुद्धा दोन माणसं होशील.

माणसं तीन. दोन पोरं, एक मला सारखं 'सर' म्हणतो, दुसरा काहीच म्हणत नाही, कानात हेडफोन. आणि ताई. ताई फोनवर बसतात, संस्थेच्या सचिवांशी बोलतात. त्यांना कोड येत नाही म्हणून मी त्यांना पहिले दोन महिने फक्त चहाच्या वेळी विचारात घेतलं. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं ते खरं.

आता मुद्द्याचं. तू पिशवी फोडून चहा करणारा माणूस, म्हणून थोडं सांगतो. आमच्याकडं बिल दर दहा दिवसांनी निघतं. १ ते १०, ११ ते २०, आणि २१ पासून महिनाअखेर. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) धरून दर, त्याच्या वर-खाली पॉइंटप्रमाणे पैसे. प्रत्येक बिलाचं टेबल वेगळं, त्यात दिवसांचे रकाने दहा. शेवटी 'शेरा१' आणि 'शेरा२'. मी जूनची तिन्ही टेबलं उघडली, 'शेरा२' कोरा करकरीत. म्हटलं कचरा. जुलैच्या शेवटच्या टेबलातून उडवला, कोडात त्याचं नाव असलेल्या दोन ओळीही उडवल्या. रात्री साडेअकराला सर्व्हरवर चढवलं आणि शांत झोपलो. कुणाला सांगितलं नाही. सांगायची सवयच नव्हती रे.

जून ३० दिवसांचा. जुलै ३१.

तुझ्या लक्षात आलं असेल. दहा रकान्यांत अकरावा दिवस मावत नाही, म्हणून पहिल्या बाबानं तो 'शेरा२' मध्ये कोंबला होता. ३१ ला सकाळ-संध्याकाळ दूध आलं, संस्थांनी नोंदी केल्या, पडद्यावर 'सेव्ह झाले' उमटलं, आणि नोंदी हवेत. एक तारखेला सकाळी आठला पहिला फोन. सचिव ताईंना म्हणाले, "आमच्या म्हशींनी काल उपास धरला होता का?"

ज्यांच्याकडं संकलनाचं मशीन आहे त्यांनी फाईल परत पाठवली. पण सात छोट्या संस्था हातानं भरणाऱ्या. ताईंनी एकेका सचिवाला फोन लावला, आमची चूक आहे म्हणून स्पष्ट सांगितलं, माझं नाव कुठं घेतलं नाही. व्हॉट्सॲपवर रजिस्टरचे फोटो आले. एका फोटोत निम्मं पान अंगठ्यानं झाकलेलं, एकावर दुधाचा ओघळ आणि त्याखाली ४.२ की ४.७ ते कळेना. आम्ही चौघं रात्री दहापर्यंत आकडे भरत होतो. हेडफोनवाल्यानं हेडफोन काढून ठेवले होते. पोरगं एका हातानं नुसत्या आकड्यांच्या कळा न बघता बडवतं. दुकानात हिशेब लिहून तयार झालंय म्हणे. मला दोन महिन्यांत ते माहीत नव्हतं.

काम संपल्यावर ताईंनी टेबलाच्या खणातून एक लांबडी वही काढली, हिशेबाची, कोपरे झिजलेले. सगळे अपवाद त्यात. सतरा नंबरच्या संस्थेला लिटरमागं २० पैसे जादा का, कुणाचं खाद्य बिलातून कापायचं नाही, सगळं तारीखवार. पान उघडून माझ्यापुढं सरकवलं. २०१३ सालची नोंद: "३१ तारीख शेरा२ मध्ये. हात लावू नये." माझ्या खुर्चीपासून तो खण दोन हातांवर आहे.

त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तू म्हणत होतास की सगळं फेकून नव्यानं लिही. नेटस्केप ब्राउझरवाल्यांनी तेच केलं होतं. आवृत्ती चारनंतर पाच आलंच नाही, २००० साली एकदम सहा आलं, तोवर बाजार मायक्रोसॉफ्टनं नेला होता. आणि नव्यानं लिहिलं असतं तर ही वही मी कुठून लिहिली असती? आता गिट बसवलंय. 'सर'वाला रोज संध्याकाळी ताईंशेजारी बसून वहीचं एकेक पान टाईप करतो, आणि ताई त्याला मध्येमध्ये वहीत नसलेलंही सांगतात. 'शेरा२' जागच्या जागी आहे. मी त्याला अजून 'दिवस११' म्हणायचं धाडस केलेलं नाही.

वालचंद कॉलेजच्या हॉस्टेलवर तू माझ्या जर्नलवर बघून लिहायचास, आठवतं? तेव्हा निदान विचारायचास तरी.

३१ ऑगस्टला रात्री फोन करू नकोस, आम्ही चौघं ऑफिसातच आहोत. ताई भडंग आणणार आहेत, कांदा मी.

तुझा,
बंड्या