तलावाची कड खोदू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हे तापू लागली की खान्देशातल्या तलावांत जेसीबी उतरतात. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ मध्ये आली आणि शेतकऱ्यांना हलक्या रानात टाकायला गाळ मिळू लागला. त्याला आमचा विरोध नाही. पण यंत्र आधी उघडी पडलेली कड खोदते, कारण तिथे ट्रॅक्टर सहज जातो. तलावातले बहुतेक जीव त्याच कडेवर जगतात.

शिरपूर तालुक्यातले अनेर धरण घ्या. सातपुड्यातून उतरणाऱ्या अनेर नदीवरचे हे पाणी आणि भोवतालचे रान १९८६ पासून अभयारण्य आहे. तिथून काही उचलायचे तर वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम २९ आड येते, परवानगी लागते. गावतळी आणि पाझर तलाव यांना हे कवच नाही. पक्षी मात्र दोन्हीकडे तेच येतात.

शेकाट्या वीतभर पाण्यात उभा राहून चरतो. तुतवारीला बोटभर पाणी आणि ओला चिखल पुरतो. तलवार बदक आणि चक्रांग शेपटी वर करून मान पोहोचेल तिथपर्यंतच, म्हणजे फूट-दीड फुटावरचे खातात. दिवाळीनंतर पाणी मागे सरते तशी ही उथळ पट्टीही रोज थोडी सरकते, आणि या पाहुण्यांना मार्चपर्यंत चारा पुरतो. तलाव परातीसारखा असेल तरच हे घडते. काठ उभा कापला की त्याचा हौद होतो. मग बुडी मारणारे टिबुकली, पाणकावळा राहतात, बाकीचे उडून जातात.

म्हणून गाळ मधल्या खोल भागातून घ्यावा. काठाकडे एक फूट खोलीला किमान दहा फुटांचा उतार राखावा. साठवण तलावात मुरूम दिसला की थांबावे, नाहीतर तळ पाझरू लागतो आणि पाणी टिकत नाही. मधला एखादा उंचवटा सोडून त्याभोवती खोल चर ठेवावा. नदी सुरय हा पक्षी अशाच बेटांवर उघड्यावर अंडी घालतो. मे महिन्यात पाणी आटून बेट काठाला जोडले गेले की मोकाट कुत्री एका रात्रीत घरटी साफ करतात.

गाळाचे काम आणि विणीचा हंगाम नेमके एकाच वेळी येतात. टिटवीचे घरटे म्हणजे खड्यांमधला उथळ खळगा. त्यात मातकट, काळे ठिपके असलेली चार अंडी, टोके आत वळवलेली. भर दुपारी टिटवी पोट पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. यंत्रावर बसलेल्या चालकाला यातले काहीच दिसत नाही. काम सुरू होण्याआधी सकाळी एकाने पायी फिरून पाहावे. खुणेची काठी अंड्यांपासून दहा-पंधरा पावलांवर रोवावी. अगदी जवळ रोवली तर कावळे अंडी हेरतात. साधारण महिनाभर तेवढा तुकडा सोडला तर पिल्ले निघतात आणि लगेच चालू लागतात.

चिखलातल्या कासवांचेही तसेच. उन्हाळ्यात ती ओल्या गाळात पुरून घेतात आणि जेसीबीच्या बादलीच्या दातांनी पाठ फुटते. सापडलेले कासव घरी नेणे गुन्हा आहे. शिल्लक राहिलेल्या ओल्या चिखलात, सावलीला सोडावे.

बेशरम ही काठावरची वनस्पती नुसती कापून तिथेच टाकू नये, तुकड्यांतून ती पुन्हा फुटते. मुळासकट उपटून पाण्यापासून लांब वाळवावी. तंगुसाची, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याची, फाटकी जाळी पाण्यात राहिली तर बुडी मारणारे पक्षी त्यात गुदमरून मरतात. ती गोळा करणे हे एका दिवसाचे काम आहे.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक कामाच्या अंदाजपत्रकाला खोदाईचा नकाशा जोडावा, त्यात न खोदायची पट्टी लाल रेषेने दाखवावी आणि बिल काढण्याआधी गाळाच्या घनमीटरसोबत ती पट्टी शाबूत आहे का हेही जागेवर जाऊन तपासावे.

— काही पक्षिनिरीक्षक, शिरपूर-चोपडा परिसर