वई घालणारे हात टिकायला हवेत

महोदय,

कोकणातील आगरांभोवतीच्या (नारळी-पोफळीच्या बागांभोवतीच्या) वया, म्हणजे जिवंत झाडांची कुंपणे, झपाट्याने नाहीशा होत असून त्यांची जागा सिमेंटचे खांब आणि काटेरी तार घेत आहे. तारेला माझा विरोध नाही (माकडांना तीही थोपवत नाही, हा भाग वेगळा). परंतु निगडी, मोगली एरंड, पांगारा यांचे खुंट पावसाच्या तोंडावर रोवून, त्यांना चिव्याच्या (बारीक बांबूच्या) आडव्या कांबी बांधून आणि फटींत करवंदीच्या काटेरी फांद्या कोंबून घातलेली वई दरवर्षी नव्याने फुटते, दाट होते, पाखरांना आणि सरड्यांना आसरा देते, हे तारेला जमणारे नाही.

आमच्या आगराची वई घालणारे गृहस्थ बांधण्याआधी प्रत्येक कांब गुडघ्यावर वाकवून पाहत आणि कडकन आवाज आला की ती बाजूला टाकत. त्यांच्यामागे घरात हे काम कोणी शिकले नाही. मजुरीत पोटच भरत नसेल तर शिकणार तरी कशाला?

इंग्लंडमध्ये या कारागिरीसाठी १९७८ पासून स्वतंत्र संस्था असून तेथे कुंपण घालण्याच्या स्पर्धाही भरतात. आपल्याकडे २००२ च्या जैवविविधता कायद्यामुळे गावोगावी लोक जैवविविधता नोंदवह्या (गावातील झाडे, जीव आणि त्यांविषयीची माहिती टिपणाऱ्या वह्या) तयार झाल्या आहेत. त्यांत वईतील झाडांबरोबर ती घालण्याची रीतही नोंदवावी आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने दर मे महिन्यात जाणत्या कारागिरांना योग्य मानधन देऊन त्यांच्याकडून प्रात्यक्षिके करवून घ्यावीत, ही विनंती.

– एक बागायतदार, ता. राजापूर, जि. रत्नागिरी