साताऱ्याच्या इतिहासफेरीतल्या अनोळखी माणसांचे आभार

१७०८ साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक अजिंक्यताऱ्यावर झाला आणि पुढे गडाच्या पायथ्याशी पेठा वसत गेल्या, हे शाळेत शिकलो होतो. रविवारी त्याच पेठांतून पायी फिरलो.

राजवाड्यासमोर गाड्या थांबवून आम्हाला पलीकडे सोडणारे वाहतूक पोलीस दादा, तुमचे आभार. सगळ्यांत मोठं ऋण मात्र मंगळवार पेठेतल्या आजींचं. आम्ही बाहेरूनच जुन्या वाड्याची चौकट न्याहाळत होतो. त्यांनी दिंडी उघडली, "उन्हात काय उभे राहता, आत या" म्हणाल्या, चौकात बसवून पाणी दिलं. आड दाखवला, सागवानी खांबांवरून हात फिरवत सासूबाईंच्या काळातला वाडा सांगितला. माहिती सांगणारी ताईसुद्धा गप्प होऊन ऐकत होती! असं कोणत्या पुस्तकात मिळणार?

चार भिंतीच्या चढावर, १८५७ च्या हुतात्म्यांच्या स्मारकापर्यंत, आमच्या काकांचा हात न सोडणारा कॉलेजचा मुलगा, बाळा, तुझं नाव विचारायचं राहिलं. काका रोज तुझी आठवण काढतात.

आजी, चौकातला आपला सगळ्यांचा फोटो धुऊन आणलाय. या रविवारी घेऊन येतो.