चिठ्ठीवर नुसतं ‘एमआरआय पेल्व्हिस’ लिहू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी सोलापुरात एका एमआरआय सेंटरवर टेक्निशियन आहे. ओव्हरीच्या गाठीसाठी ज्या बायका येतात त्यांच्या चिठ्ठीवर बऱ्याचदा नुसतं ‘एमआरआय पेल्व्हिस’ (म्हणजे ओटीपोटाचा एमआरआय) एवढंच असतं, सोनोग्राफीत काय दिसलं, शंका कशाची आहे, पाळी कधी आली, काहीच नाही. डॉक्टरांना कळकळीची विनंती, दोन ओळी जास्त लिहा हो.

कारण या मशीनवर सगळ्यांचे एकसारखे फोटो निघत नाहीत, काय शोधायचंय त्यावर सिक्वेन्स, म्हणजे फोटो काढायच्या पद्धती, ठरतात. चॉकलेट सिस्ट म्हणजे एंडोमेट्रिओसिसमधली (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो त्या आजारातली) जुन्या रक्ताची गाठ, आणि डर्मॉइड म्हणजे जिच्यात चरबी, केस, कधीकधी दातसुद्धा असतात ती, या दोन्ही टी-१ नावाच्या सिक्वेन्सच्या इमेजवर पांढऱ्या दिसतात. मग चरबीचा सिग्नल दाबणारा सिक्वेन्स लावला की डर्मॉइडमधली चरबी काळी पडते आणि रक्त पांढरंच राहतं, तिथेच फरक कळतो. गाठीत भरीव भाग असेल तर शिरेतून कॉन्ट्रास्ट (फोटोत भाग उजळवणारं औषध) देऊन तो किती लवकर आणि किती उजळतो हे बघावं लागतं, त्यासाठी आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघून ठेवलेलं बरं, नाहीतर गावाकडून आलेल्या बाईला परत दुसऱ्या दिवशी बोलवायची वेळ येते.

आता दुसरी बाजू पण सांगते. प्रत्येक सिस्टला एमआरआय लागत नाही! पाळी चालू असलेल्या बाईला नुसत्या पाण्याची, पाच सेंटीमीटरच्या आतली गाठ असेल तर ती बहुतेक वेळा दोन-तीन पाळ्यांत आपली आपण जिरते, तिथे सोनोग्राफी पुरते. पण लग्न न झालेल्या मुलींची आपल्याकडे आतून सोनोग्राफी करत नाहीत, पोटावरून कधीकधी नीट दिसत नाही, तेव्हा एमआरआयचा खरा उपयोग होतो. आणि ऑपरेशनआधी तर फारच, कारण कॅन्सरची गाठ ऑपरेशन करताना फुटली तर स्टेज वाढते, तशी शंका असेल तर कॅन्सर सर्जनकडेच पाठवायला हवं.

सीए-१२५ (ओव्हरीच्या कॅन्सरच्या शंकेसाठी रक्तात तपासतात ते) वाढलेलं बघून घरचे रडकुंडीला येतात. अहो, ते एंडोमेट्रिओसिसमध्ये वाढतं, फायब्रॉइडमध्ये (गर्भाशयाच्या साध्या गाठीत) वाढतं, पोटाच्या टीबीमध्ये तर खूपच वाढतं, नुसत्या त्या आकड्यावरून काही ठरवू नका. एमआरआय रिपोर्टमध्ये ‘ओ-रॅड्स’ स्कोअर (गाठ कॅन्सरची असायचा धोका किती ते सांगणारा आकडा) दिलेला असेल तर तो डॉक्टरांकडून समजून घ्या, २ म्हणजे जवळजवळ नक्कीच साधी गाठ, ३ ला धोका कमी, ४ मध्ये साधारण निम्म्या गाठी कॅन्सरच्या निघतात, ५ मध्ये दहातल्या नऊ.

मूल होण्यावर परिणाम होईल का असं सासवा विचारतात. एमआरआयमध्ये एक्स-रे नसतात, तशी भीती बाळगू नका, फक्त पेसमेकर किंवा अंगात कुठे धातू असेल तर आधीच सांगा आणि गरोदर असायची शक्यता असेल तर तेही. पण पोटात अचानक असह्य कळ आणि उलट्या सुरू झाल्या तर गाठीला पीळ पडलेला असू शकतो, तेव्हा आमच्या नंबराची वाट बघत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा.

आणि बायांनो, डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं नसेल तर तुम्ही विचारा, जुन्या सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट घेऊन या, निदान मोबाईलमध्ये फोटो तरी काढून आणा.

आपली,
एक एमआरआय टेक्निशियन, सोलापूर